घराचा जीव डबीत ठेवू नकोस

राणी, सर्व्हर कोणता घ्यायचा हे तू सगळ्यात आधी विचारलंस. त्याचं उत्तर देते, पण जरा थांब. आपल्या शहराच्या सातारा परिसरातल्या तुमच्या घराला अजून प्लास्टर लागलेलं नाही, भिंतींना झिऱ्या मारायचं काम चालू आहे, म्हणजे महत्त्वाचं ते सगळं अजून हातात आहे. आज भिंतीत जो पाईप जाईल तो वर्षानुवर्षं तिथेच राहणार. सर्व्हर तू चार-पाच वर्षांत बदलशील, मोबाईलमधलं ॲप तर त्याच्याही आधी. जे पुन्हा बदलता येणार नाही त्यावर आधी डोकं लाव.

दिवे, पंखे, पडदे तारेवरून चालवायला तुम्ही केएनएक्स पद्धत ठरवलीत ते मला मनापासून पटलं. महाग आहे, आणि घरात त्यावरून कुरबुर झाली असणार हे मला कळतं. पण ही एका कंपनीची मक्तेदारी नाही, हा त्याचा मोठा गुण. १९९० मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी ईआयबी नावाने हे सुरू केलं, मग बॅटीबस आणि ईएचएस या दुसऱ्या दोन पद्धती त्यात मिळाल्या, १९९९ मध्ये तिघांची मिळून एक संघटना झाली, आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे स्विच एका कंपनीचा, रिले दुसरीचा, थर्मोस्टॅट तिसरीचा, असं सगळं एकाच तारेवर नांदतं. उद्या त्यातली एखादी कंपनी भारतातून निघून गेली तरी तिची वस्तू काढून दुसरीची बसवता येते.

आता केएनएक्सची ती हिरवी तार. तिच्यात चार दोरे असतात. लाल आणि काळा कामाचे, पिवळा आणि पांढरा राखीव. लाल-काळ्यावर साधारण ३० व्होल्ट डीसी असतं, आणि त्याच दोन दोऱ्यांवरून सगळ्या वस्तू एकमेकींशी बोलतात. वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या वायफायपुढे हा वेग काहीच नाही, पण दिवा लाव, पडदा सरकव, तापमान किती, एवढं बोलायला तो पुरून उरतो. यातली खरी गंमत अशी की कोणीच कोणाचा साहेब नाही. दिवाणखान्यातलं बटण दाबलं की ते तारेवर नुसतं सांगतं, ‘१/१/१२ ला १’. डीबीत, म्हणजे विजेच्या वाटपपेटीत, बसलेल्या ज्या रिलेला १/१/१२ ऐकायला शिकवलंय तो मिटतो, दिवा लागतो. बाकीचे ऐकून सोडून देतात. प्रत्येक वस्तूत स्वतःची चिप, स्वतःची आठवण. मध्ये कॉम्प्युटर कुठेच नाही.

म्हणून सांगते, सर्व्हर या तारेला जोड, जरूर जोड, पण तारेचं काम सर्व्हरच्या हाती देऊ नकोस.

वाळूजला पॅनेलवर काम करताना हे माझ्या अंगात मुरलंय. मशीन चालवतो पीएलसी. कंट्रोल रूममधला स्काडाचा पीसी दाखवतो, नोंदी ठेवतो, आकडे बदलून देतो, अलार्म वाजवतो. तो पीसी हँग झाला तर ऑपरेटर वैतागतो, शिफ्टचा रिपोर्ट अडतो, पण कन्व्हेयर चालू राहतो. आपल्या शहरात एमआयडीसीच्या आधारावर जगणारी इतकी घरं आहेत, त्यांतल्या कुणालाही विचार, हे दोन कप्पे वेगळे का ठेवतात ते तो सांगेल. तेच शहाणपण घरी आलं की लोक विसरतात. मोबाईलवर सुंदर चित्र दिसतं आणि वाटतं, हेच घर चालवतंय.

सिडकोतल्या एका बंगल्यात मला बोलावलं होतं. ज्याने काम केलं त्याने भिंतीवरची बटणं रिलेला थेट जोडलीच नव्हती. बटण सर्व्हरला सांगणार, सर्व्हर विचार करून रिलेला सांगणार, अशी रचना. त्याला प्रोग्राम करायला ते सोपं गेलं, आणि ‘सीन’ दाखवायला झकास. जूनच्या पहिल्या वळवात सर्व्हरचा अडॅप्टर जळला. बस. तार शाबूत, रिले शाबूत, बटणावरचा इवलासा दिवाही लागलेला, आणि घरातला एकही पंखा फिरेना. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात, तसा त्या एवढ्या मोठ्या घराचा जीव त्या डबीत. आजी अंधारात बसलेल्या. काम करणारा शहर सोडून गेलेला, फोन उचलत नव्हता, आणि प्रोजेक्टची फाईल त्याच्या लॅपटॉपमध्ये.

ही फाईल म्हणजे काय ते नीट समजून घे. केएनएक्सच्या सगळ्या वस्तू ईटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमधून शिकवतात. कोणत्या बटणाने काय बोलायचं, कोणत्या रिलेने काय ऐकायचं, पडदा किती सेकंदांत खाली येतो, सगळं त्या प्रोजेक्टमध्ये असतं. वस्तूंकडून ते उलट जसंच्या तसं काढून घेता येत नाही. फाईल गेली की बदल करायला नवा माणूस आला तरी त्याला जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून करारातच लिहून घे: काम संपल्यावर प्रोजेक्टची फाईल, तिचा पासवर्ड, आणि सगळ्या पत्त्यांचा तक्ता आमच्या ताब्यात. लाजू नकोस, पैसे तू देते आहेस. फाईल पेनड्राईव्हवर, ईमेलवर आणि माझ्याकडे, अशी तीन जागी ठेव. तक्त्याची एक छापील प्रत प्लास्टिकमध्ये घालून डीबीच्या दाराला आतून चिकटव. पुढे येणाऱ्या वायरमनला ती प्रत डोळ्यांसमोर दिसेल, त्याला कुणाला फोन लावावा लागणार नाही.

जमलं तर ईटीएस तू स्वतः शीक. पाच वस्तूंपर्यंतची चाचणी आवृत्ती फुकट मिळते, त्यावर हात बसतो. घरगुती आवृत्ती ६४ वस्तूंपर्यंत चालते, तुमच्या घराला पुरेल. वस्तूवर एक बारीक बटण असतं, ते दाबलं की शेजारचा लाल दिवा लागतो. मग ईटीएसमधून तिला पत्ता पाठवायचा, समजा १.१.१४, आणि दिवा आपोआप विझतो. ती तिला नाव मिळाल्याची खूण. पहिल्यांदा तो दिवा विझताना पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता, तुलाही होईल.

पत्त्यांची मांडणी मात्र आधी कागदावर कर. गटाचे पत्ते तीन आकड्यांचे असतात. पहिला आकडा कामाचा ठेव: १ दिवे, २ पडदे, ३ एसी-पंखे, ४ पाणी. दुसरा मजल्याचा. तिसरा त्या त्या दिव्याचा. मध्ये रिकाम्या जागा सोड, कारण घर वाढतं. आणि ज्यावर सर्व्हर जोडताना निम्मी भांडणं होतात ते आत्ताच ठरवून टाक: प्रत्येक दिव्याला दोन पत्ते. एक हुकमाचा, एक स्थितीचा. समजा १/१/१२ वर ‘लाव’ किंवा ‘विझव’ जाईल, आणि १/५/१२ वर, म्हणजे मजल्याच्या आकड्यात चार मिळवून, रिले स्वतः सांगेल, ‘मी आता लागलेला आहे.’

हे का, ते बघ. दिव्याला चार ठिकाणांहून हुकूम येऊ शकतो: दाराजवळचं बटण, पलंगाजवळचं बटण, जिन्यातला सेन्सर, तुझा मोबाईल. शिवाय रिलेच्या आत वेळ लावलेली असेल तर पाच मिनिटांनी तो आपणहून विझेल आणि तेव्हा हुकूम कोणी दिलेलाच नसेल. सर्व्हर नुसता हुकूम ऐकून ठेवत असेल तर त्याला वाटत राहील की दिवा चालू आहे. तू बीड बायपासवर गाडीत बसून ॲप बघशील, दिवा लागलेला दिसेल, विझव म्हणशील, आणि तो मुळातच विझलेला. खरं काय ते फक्त रिलेला माहीत असतं, म्हणून त्याच्याच तोंडून ऐकायचं. बटणांनाही तोच स्थितीचा पत्ता ऐकायला लाव. नाहीतर एका ठिकाणाहून लावलेला दिवा दुसऱ्या ठिकाणाहून विझवायला दोनदा दाबावं लागतं, आणि तुझ्या सासूबाई म्हणतील, बटण खराब आहे.

सर्व्हर रात्री रीस्टार्ट झाला तर उठल्यावर त्याला काहीच आठवत नसतं. तो प्रत्येक पत्त्यावर विचारतो, तू कसा आहेस? उत्तर द्यायची परवानगी रिलेच्या स्थितीच्या वस्तूवर ‘रीड’ची खूण करून द्यावी लागते. ती एकाच वस्तूवर ठेव, नाहीतर एका प्रश्नाला दोघे उत्तर देतात, आणि चुकीचंही देतात. आणि तारेवर उगाच गर्दी करू नकोस. एक निरोप जाऊन त्याची पोच यायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तापमानाचे सेन्सर अर्धा अंश बदल झाला तरच बोलू देत. विजेचं मीटर दर सेकंदाला आकडा ओरडत राहिलं की बटण दाबल्यावर दिवा लागायला उशीर होतो आणि दोष मात्र सर्व्हरला मिळतो.

आता तुझा प्रश्न. तारेला नेटवर्कशी जोडणारी वस्तू दोन प्रकारची मिळते, आयपी इंटरफेस आणि आयपी राउटर. एका घराला, एका लाईनला इंटरफेस पुरतो. घेताना एकाच वेळी किती जोडण्या देतो ते विचार. एक सर्व्हरला लागेल, एक ईटीएसला, आणि एखादी मोकळी हवी. एकच जोडणी असलेला स्वस्त घेतलास तर ईटीएस उघडताना दरवेळी सर्व्हर बंद करावा लागेल. पुढे कधी वरच्या मजल्याला वेगळी लाईन टाकायची असेल तर राउटर घे. एका लाईनच्या एका तुकड्यावर ६४ वस्तू, आणि वीजपुरवठ्यापासून शेवटच्या वस्तूपर्यंत तार ३५० मीटरच्या आत. तुमच्या घरात एवढी तार लागणारच नाही, पण गच्ची, फाटक आणि बोअर धरून मोजून ठेव.

सर्व्हरसाठी मी होम असिस्टंट सुचवीन. पॉलस स्काउटसेन या डच तरुणाने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे, जगभरचे लोक ते सांभाळतात. ईटीएसची प्रोजेक्ट फाईल त्याला सरळ देता येते, मग पत्त्यांची नावं त्याला आपोआप कळतात. म्हणून ईटीएसमध्ये नावं नीट दे. ‘लाईट १, लाईट २’ असं लिहिलंस तर सर्व्हरवरही तोच गोंधळ उतरेल. ओपनहॅबही चांगलं आहे, ज्याला जावाची सवय आहे त्याला जास्त रुचतं. मशीन म्हणशील तर रास्पबेरी पाय चालेल, पण मेमरी कार्डवर कायमचा ठेवू नकोस. रात्रंदिवस नोंदी लिहून कार्ड झिजतं. एसएसडी लाव, आणि त्याला वायफायवर सोडू नकोस, नेटच्या राउटरला केबलने जोड.

विजेचं एक सांगते. महावितरणची लाईट गेली की काय चालू राहायला हवं याची यादी इन्व्हर्टर बसवण्याआधी कर. बसचा, म्हणजे हिरव्या तारेचा, वीजपुरवठा, इंटरफेस, नेटचा राउटर आणि सर्व्हर हे चौघं इन्व्हर्टरवर एकत्र हवेत, त्यांचा भार अगदी थोडा असतो. यातला एकजण बाहेर राहिला तरी बाकीच्यांचा उपयोग अर्धा. आणि प्रत्येक रिलेला लाईट परत आल्यावर काय करायचं ते शिकवता येतं. एसी आणि गिझरला ‘बंदच राहा’ असं शिकव. मे महिन्यात दुपारी तीनला लाईट परत येते तेव्हा घरातले सगळे एसी एकदम उठले की काय होतं ते तुझ्या मेन एमसीबीला विचार.

पाण्यावर मात्र मला मनसोक्त बोलायचंय, कारण आपल्या शहरात घराची हुशारी तिथेच कामाला येते. पुण्या-मुंबईच्या नमुना घरांत पडदे आणि रंगीत दिवे दाखवतात. आपल्याकडे धरण पैठणला, एवढा नाथसागर भरलेला, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांआड. तेही रात्री येईल की पहाटे, भरवसा नाही. सातारा-देवळाईकडे तर टँकर आणि बोअर यांच्यावर लोकांनी वर्षं काढली. आईने आयुष्यभर नळाच्या आवाजावर झोप मोडली. तुझी मोडू नये, एवढीच माझी इच्छा.

म्हणून पाईप टाकतानाच हौदापर्यंत, गच्चीवरच्या टाकीपर्यंत आणि बोअरपर्यंत हिरवी तार ने. हौदात दोन फ्लोट, तळाशी एक आणि वर एक. टाकीतही तसेच. फ्लोटच्या तारा केएनएक्सच्या बायनरी इनपुटला जोडल्या की चारही पातळ्या बसवर येतात. महापालिकेच्या नळाच्या पाईपवर एक प्रेशर स्विच लाव. पाणी आलं की तोही बोलेल.

मोटार थेट केएनएक्सच्या रिलेवर कधी टाकू देऊ नकोस. रिलेवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटार उचलताना कितीतरी पट करंट ओढते, टोकं चिकटतात, आणि मग रिले ‘बंद’ म्हणाला तरी मोटार चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड असलेला स्टार्टर हवा, केएनएक्सने फक्त त्याची कॉइल उचलायची. आणि हौदाच्या तळाचा फ्लोट त्या कॉइलच्या वायरमध्येच मालिकेत घे. म्हणजे बस बंद असो, सर्व्हर जळलेला असो, कोणी मोबाईलवरून चुकून मोटार लावो, हौद रिकामा असेल तर मोटार उठणारच नाही. टाकी भरली की बंद हे काम बसवरच्या लॉजिकला दे. हौदातलं पाणी किती दिवस पुरेल, टँकर कधी मागवावा, मागच्या वेळी नळ किती वाजता आला होता, हे सगळं सर्व्हरला दे. पहाटे प्रेशर स्विच बोलला की सर्व्हर तुझ्या फोनवर निरोप टाकेल. महिनाभराच्या नोंदी झाल्या की तुझ्या गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक तुला व्हॉल्व्ह सोडणाऱ्यापेक्षा जास्त पाठ असेल. हे काम सर्व्हरसारखं दुसरं कुणी करत नाही, आणि ते चुकलं तरी कुणाची मोटार जळत नाही. कोणतं काम कुणाला द्यायचं हे ठरवताना हाच निकष लाव.

एक भीती मात्र मी तुला घालणारच आहे. जावईबापू दौऱ्यावर असताना त्यांना घर दिसावं म्हणून कोणीतरी सांगेल, नेटच्या राउटरमध्ये ३६७१ हा पोर्ट उघडून टाका. उघडू नकोस. २०२१ मध्ये जर्मनीत एका कार्यालयाच्या इमारतीत हेच झालं. इंटरनेटवर उघड्या पडलेल्या केएनएक्समध्ये कोणीतरी शिरलं, शेकडो वस्तूंमधला प्रोग्राम पुसला आणि त्यांच्यावर स्वतःचा पासवर्ड लावून टाकला. दिव्यांची बटणं, हालचाल टिपणारे सेन्सर, शटर, यांतले जवळजवळ तीन-चतुर्थांश निकामी झाले. त्याआधी, २०१४ मध्ये, जेझुस मोलिना नावाच्या सुरक्षा तज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की चीनमधल्या शेनझेनच्या एका आलिशान हॉटेलात पाहुण्याला दोनशेहून जास्त खोल्यांच्या दिव्या-पडद्यांना हुकूम देता येतो, कारण पाहुण्यांचं नेटवर्क आणि केएनएक्सचं नेटवर्क एकच होतं. तेव्हा बाहेरून घर बघायचं तर व्हीपीएनमधूनच. पाहुण्यांचं वायफाय वेगळं. आणि सुरक्षित प्रकारच्या वस्तू घेतल्यास तर प्रत्येकीवर क्यूआरचं एक छोटं स्टिकर येतं, ती तिची मूळ किल्ली. वायरमन ते खोक्यासोबत फेकून देतात. ती सगळी स्टिकरं सोलून एका वहीत चिकटव, शेजारी वस्तूचं नाव लिही, आणि वही दागिन्यांच्या कप्प्यात ठेव.

आता पुन्हा भिंतीकडे. हिरव्या तारेसाठी पाईप वेगळा. २३० व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाईपमध्ये ती कोंबू देऊ नकोस, वायरमन ‘काही होत नाही ताई’ म्हणाले तरी. खोल स्विचबॉक्स लाव, उथळ डब्यात तार मुरगळते. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढ. डीबी मोठी घे, आज भरलेली दिसली तर ती लहान आहे असं समज.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी एक परीक्षा घे. सर्व्हरचा प्लग काढ आणि घर एक दिवस तसंच वापर. सासूबाईंना, मुलांना, कामाच्या मावशींना काही सांगू नकोस. दिवे भिंतीवरून लागतात का, पंखे फिरतात का, पडदे वर-खाली होतात का, टाकी भरून मोटार आपोआप थांबते का, ते बघ. दुसऱ्या दिवशी प्लग लाव, पाच मिनिटं थांब, आणि ॲप हातात घेऊन खोल्यांमधून फीर. ॲपमध्ये जो दिवा लागलेला दिसतो तो खरंच लागलाय का, एकेक ताडून बघ. जिथे जुळणार नाही तिथला पत्ता तक्त्यात लाल पेनाने गोल कर. तो कागद काम करणाऱ्याच्या हातात दे आणि गोल संपेपर्यंत हप्ता थांबव.